तिसऱ्या हाकेआधी

हं, बसा बसा. मागची मंडळी पुढं सरका, पुढं काय विस्तव ठेवलेला नाही. पेटीवाले दादा, सूर जरा खाली घ्या, माझा गळा आता तुमच्या पेटीएवढा तरुण राहिला नाही.

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. दिवेलागणीची वेळ आहे. दाराला कडी आहे. बाहेरून कोणीतरी तुमच्या नावानं हाक मारतं. ओ द्यायची की नाही?

हसू नका! सोपा वाटतो ना? "द्यायची की महाराज, त्यात काय!" असं तुम्ही म्हणाल, कारण इथं मांडवात ट्यूबलाइट आहे आणि शेजारी बायको बसलीय. मी ज्या वाडीची गोष्ट सांगतोय तिथं ट्यूबलाइट नव्हती. तिथं ओ दिली की घरातलं लहान मूल जातं, असं सगळे धरून चालले होते. आता सांगा! नाही ना बोलत कोणी? म्हणा माझ्यामागं—

हाक आली दारी, मना, ओ दे रे,
कोण आहे न पुसता, ओ दे रे!

तर ऐका. नगरकडं मोरदरा नावाची वाडी. बरीचशी घरं आपल्याच लोकांची, ख्रिस्ती. मध्ये दगडी देऊळ, वर पत्र्याचं छप्पर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, आणि ते येणार असले की वाडीतल्या कोंबड्यांचे चेहरे उतरायचे. भक्ती दांडगी होती बरं का! रविवारी उपासनेला देऊळ भरायचं. प्रत्येक दारावर खडूनं क्रूस काढलेला, खाली लिहिलेलं, 'प्रभू येशू या घरात राहतो.' आणि दिवेलागण झाली की त्याच दाराला आतून कडी, कडीवर अडसर. म्हणजे प्रभूसुद्धा आतच कोंडलेला! त्याला बाहेर जायचं असेल तर त्यानं कोणाला सांगायचं?

कडी कशापायी? तर तिच्या भीतीनं. 'ती' म्हणजे कोण, नाव काय, हे कोणी सांगत नसे. नाव घेतलं की येते म्हणत. नुसतं 'ती' म्हणायचे आणि उंबऱ्याकडं बघायचे. तापाची साथ आली की ती गल्लीतून फिरते. दारासमोर उभी राहते आणि तुमच्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात तुम्हाला हाक मारते. तुम्ही ओ दिली, की त्या घरातलं सगळ्यात लहान मूल अंथरूण धरतं. पण ती हाका मारते दोनच. तिसरी तिला मारता येत नाही. म्हणून वाडीचा कायदा असा, की दिवेलागणीनंतर कोणीही बोलावो, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आई असो, बाप असो, तिसरी हाक आली तरच माणूस.

बाप्तिस्मा झाला, देव बदलला, देऊळ बदललं. हा कायदा मात्र आजीकडून आईकडं आणि आईकडून लेकीकडं तसाच आला. पाळकसाहेबांना कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी, मला वाटतं, मुक्कामाला राहिले की तेही तिसऱ्या हाकेलाच ओ देत असावेत.

या वाडीत दीनाबाई त्रिभुवन राहायची. नवरा शांतवन, म्हातारी सासू केराबाई आणि एक लहान मुलगी, सुवार्ता. भिंतीला भिंत लागून दुशिंगांचं घर. मार्कस दुशिंग आणि त्याची बायको सुंदराबाई. लेकरूबाळ नाही, पण बैलगाडी होती. आणि या दोन बायकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! कारण काय म्हणाल तर सुंदराबाईची कोंबडी दीनाबाईचा कोथिंबिरीचा वाफा उकरायची. बस. एवढंच! तुमच्या मंडळीतलं भांडण याहून मोठ्या कारणावरून आहे का? आठवा, आठवा. उपासनेत 'तुम्हांस शांती असो' म्हणत हात मिळवायची वेळ आली की दीनाबाई पुढच्या रांगेला शांती द्यायची, मागच्या रांगेला द्यायची, पार दाराशी बसलेल्या पाहुण्याला जाऊन द्यायची, पण सुंदराबाईला द्यायची नाही. सुंदराबाईही तशीच. सगळ्या देवळाला शांती मिळायची, त्या दोघी सोडून.

त्या वर्षी तापाची साथ आली. शांतवन आजारी पडला. दुपारपर्यंत बरा होता, संध्याकाळी बरळायला लागला. मिशनचा दवाखाना चार गावं पलीकडं, गाडीशिवाय न्यायचं कसं? दीनाबाई उठली आणि दुशिंगांच्या दारात गेली. मान खाली घालून गेली, मंडळी! ज्या दाराकडं तिनं वर्षभर पाठ केली होती त्या दारात.

दिवे लागले होते. दाराच्या फटीतून कंदिलाचा उजेड दिसत होता. तिनं हाक मारली, "सुंदराबाई!" आत काही हललं. पुन्हा म्हणाली, "सुंदराबाई, अहो, यांचं काही खरं दिसत नाही. गाडी जोडा."

आणि फटीतला उजेड कमी झाला. कोणीतरी आत कंदिलाची वात खाली केली. मग उजेड पारच गेला.

तिसरी हाक मारायला तिच्या तोंडाशी शब्द आला होता. तेवढ्यात मागून सासूचा टाहो ऐकू आला आणि ती धावत घरी गेली. शांतवन गेला होता.

मातीला सुंदराबाई आली होती. डोळे सुजलेले. कबरीपाशी दीनाबाईजवळ येऊन म्हणाली, "बाई, तिसरी हाक मारली असती तर मी उघडलं असतं गं."

दीनाबाई म्हणाली, "तिसऱ्या हाकेला मी त्यांच्या उशाशी होते."

त्यानंतर दोघींत बोलणंच उरलं नाही. भांडणसुद्धा नाही. कोंबडी वाफा उकरायची आणि कोणी हुसकत नसे.

मंडळी, आता खरी गोष्ट सुरू होते. लेकरांना जवळ घ्या.

साथ वाढत गेली. दिवेलागणीला गल्लीत एक माणूस दिसेना. कुत्रीसुद्धा चुलीपाशी जाऊन बसायची. मार्कस गाडी घेऊन कारखान्यावर ऊस वाहायला गेला होता. सुंदराबाईचं दार बंद. लोकांना वाटलं, नवऱ्याबरोबर तीही गेली असेल. जाऊन बघितलं कोणी? नाही. दार वाजवलं कोणी? नाही. वाटलं, आणि सोडून दिलं. आपल्याला किती सहज वाटतं ना, मंडळी!

एका संध्याकाळी दीनाबाई सुवार्ताला दूधभाकर भरवत होती. केराबाई कोपऱ्यात. दाराला अडसर. बाहेर वारा नाही, पान हलत नाही. आणि दारासमोरून हाक आली, "दीनाबाई..."

सुंदराबाईचा आवाज. अगदी तोच, किनरा, शेवटी जरा ओढलेला. पण दाराच्या इतका जवळ, की लाकडाला ओठ लावून बोलावं.

दीनाबाईच्या हातातला घास तिथंच थांबला. केराबाई बसल्या जागेवरून सरपटत आली आणि सुनेचा पदर मुठीत धरला. कुजबुजली, "ती आहे. सुंदरी गावात नाही. ओ देऊ नकोस. घरात एवढं एकच लेकरू उरलंय."

दीनाबाईचा विश्वास नव्हता असं समजू नका हं! नाहीतर तुम्ही म्हणाल, ती शहाणी होती, अंधश्रद्धा मानत नव्हती, म्हणून उठली. नाही! तिचाही पुरता विश्वास होता. तिला पक्कं ठाऊक होतं, की बाहेर 'ती' असली आणि आपण ओ दिली तर सुवार्ता जाणार. आणि बाहेर खरी सुंदराबाई असली, तर ही तीच बाई, जिनं वात खाली केली होती. म्हणजे बाहेर भूत असलं तर ओ देण्यात मरण. आणि माणूस असलं तर ते असं, की ज्याला ओ द्यावी असं मनाच्या कुठल्याही कोपऱ्याला वाटत नव्हतं.

"दीनाबाई..."

दुसरी हाक. पहिलीपेक्षा बारीक. दमलेली.

आणि मग काही नाही. वाडीचा कायदा काय सांगतो? आता गप्प राहायचं. तिसरी आली नाही, म्हणजे ती होती. सुटलो! देवाचे आभार मानायचे आणि भाकर खायची.

दीनाबाई उठून दारापाशी आली. हात अडसरावर ठेवला. आणि मंडळी, तिथं तिला पहिल्यांदा कळलं, की त्या संध्याकाळी सुंदराबाई दाराच्या आत अशीच उभी असेल. असाच हात अडसरावर. ती काही दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. पण बाहेर उभं राहणाऱ्याला काय फरक पडतो? बाहेर उभं राहणं काय असतं हे त्या वाडीत एकट्या दीनाबाईला ठाऊक होतं. ती दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली होती.

प्रार्थना केली का तिनं? केली. पण तुमच्या-आमच्यासारखी लांबलचक नाही. म्हणाली, "प्रभू, मला ही बाई आवडत नाही. पण पोर तुझ्या हवाली करते. मला त्या कंदिलामागं बसवू नकोस."

आणि तिसऱ्या हाकेआधी तिनं ओ दिली. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "ओ! आले गं!"

केराबाईनं तोंडावर हात दाबून धरला. दीनाबाईनं अडसर काढला, दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

पलीकडच्या वळणापर्यंत गल्ली मोकळी. दारासमोरची धूळ सकाळी झाडून ठेवली होती, तशीच. तिच्यावर पाऊल नाही. समोरच्या ओट्यावर एक कुत्रं बसलं होतं. ते दीनाबाईकडं बघत नव्हतं, तिच्या उजव्या हाताला, रिकाम्या जागेकडं बघत होतं. शेपूट हलवत होतं, बरं का. ओळखीच्या माणसाकडं बघून हलवतात तसं.

मग ते उठलं आणि त्या रिकाम्या जागेच्या मागोमाग चालू लागलं, दुशिंगांच्या दाराकडं. दीनाबाई त्याच्या मागं. शेजारचंच दार, पण तेवढ्या चार पावलांत गल्लीतल्या घराघराच्या फटीतला उजेड कमी होत गेला. एकेक वात खाली. लोक जागे होते, ऐकत होते. कुठं कोणी खोकत नव्हतं.

हाक आली दारी, मना, ओ दे रे... हळू म्हणा, हळू. ती अजून गल्लीत आहे.

दुशिंगांचं दार आतून लावलेलं. पण अडसर अर्धा सरकलेला होता. कोणीतरी काढायला घेतला होता आणि हातातली ताकद संपली होती. दीनाबाईनं खांदा लावला. दार उघडलं, आणि आत दाराला लागूनच सुंदराबाई जमिनीवर पडलेली. ओठ फुटलेले, जीभ सुजून दातांत आलेली. अंगाचा नुसता विस्तव झालेला. पाण्याचा माठ पालथा. डोळे मात्र उघडे होते आणि दाराकडंच लागले होते.

दीनाबाईनं परसातल्या रांजणात लुगड्याचं टोक ओलं केलं आणि थेंब थेंब पाणी पिळलं. दीनाबाईला ती बाई आवडत नव्हती, अजूनही नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो! पाणी पिळताना तिला कोंबडीही आठवत होती आणि कंदीलही आठवत होता. आठवत होता, आणि हात पाणी पिळत होते. आपण म्हणतो, आधी मनात प्रेम येऊ द्या महाराज, मग करू. अरे, तोवर समोरचा मरेल! देवाची प्रीती तशी नसते. ती आधी दार उघडते, मन मागाहून येतं धापा टाकत.

डोकं टेकवल्यावर दीनाबाई म्हणाली, "हाक मारलीस म्हणून आले. नाहीतर कळलंही नसतं."

सुंदराबाईनं मान हलवली. नाही म्हणून. स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि पुन्हा मान हलवली. आदल्या सकाळपासून तिचा आवाज गेला होता. तोंडातून हवासुद्धा धड निघत नव्हती. तिनं हाक मारलीच नव्हती.

मंडळी, मग हाक कोणी मारली?

थांबा. उत्तर नका देऊ. दीनाबाईलाही त्या वेळी विचार करायला सवड मिळाली नाही. ती घरी परतली तेव्हा सुवार्ताचं अंग तापलेलं होतं.

काय वाटलं असेल? सासू काय म्हणाली असेल ते मी या मांडवात सांगू शकत नाही. सकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. दीनानं ओ दिली, दीनाची पोर पडली. लोक तिच्या दारावरून जाताना कडेकडेनं जायला लागले. तिच्या दारावरचा क्रूस कोणीतरी पुसून टाकला, बाधा त्याच घरात राहावी म्हणून. आपल्याच माणसांनी पुसला हो! इकडं लेकीच्या कपाळावर ओली घडी, तिकडं सुंदराबाईच्या तोंडात पेज, असा दिवस काढला तिनं. एकदाही सुंदराबाईला म्हणाली नाही, की तुझ्यापायी माझी पोर चाललीय.

संध्याकाळी सुवार्ता माणसं ओळखेनाशी झाली. बापासारखीच बरळू लागली. गाडी हवी होती. गल्लीच्या टोकाला आढावांकडं गाडी होती, बैल गोठ्यात होते. दीनाबाई गल्लीत येऊन उभी राहिली. दिवे लागले होते. कोणाचं नाव घेऊन हाक मारावी हेही तिला सुचेना. ती म्हणाली, "अहो, कोणी आहे का?"

वाती खाली गेल्या. एक, मग शेजारची, मग समोरची.

"अहो, कोणी आहे का?"

सगळी गल्ली काळी. तिला माहीत होतं, की तिसरी हाक मारली तरी आता कोणी येणार नाही. ती स्वतःच त्यांच्या लेखी 'ती' झाली होती.

आणि दुशिंगांच्या घरातून आवाज आला. फाटका, खरखरीत, बाईचा की बाप्याचा कळेना असा.

"ओ."

सुंदराबाई! भिंत धरून बाहेर आली. गेलेल्या गळ्यातून निघालेला तो पहिला शब्द. गुडघ्यात वाकलेली, केस सुटलेले, अंगात ताप तसाच. दीनाबाईला तिनं नुसतं हातानं थांब म्हटलं आणि भिंतीभिंतीनं आढावांच्या दारापर्यंत गेली. दोन्ही तळव्यांनी दार बडवलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "मी ओ दिली नव्हती, म्हणून शांतवन मेला. त्या दिवसापासून मी रोज मरतेय. आढाव, तुम्ही तसं करू नका. उघडा."

मग, मंडळी, आढावांच्या फटीतला उजेड वाढला. कोणीतरी वात वर केली होती. मागोमाग अडसर काढल्याचा आवाज आला.

आढावानं बैल जोडले. गाडीत दीनाबाईच्या मांडीवर सुवार्ता आणि सुवार्ताच्या पायाशी सुंदराबाई, कारण ती काही केल्या उतरेना. गाडी दवाखान्यात पोचली. सुवार्ता वाचली! म्हणा आमेन. थांबा, पुरतं ऐका आणि मग म्हणा. ती वाचली, पण तापानं तिचे कान नेले. उभ्या जन्मात तिला पुन्हा काही ऐकू आलं नाही.

मी तिला पाहिलंय. मोरदऱ्याला कीर्तनाला गेलो होतो तेव्हा ती पार म्हातारी झाली होती. दिवेलागणीला दार सताड उघडून उंबऱ्यात बसायची. गल्ली रिकामी असायची, कोणी येत नसे, जात नसे, आणि ही आपली मध्येच म्हणायची, "ओ." थोड्या वेळानं पुन्हा, "ओ." शेजाऱ्याला विचारलं, म्हातारी कोणाशी बोलते? तो म्हणाला, तिला ऐकू येत नाही ना, कोणी हाक मारली आणि राहून गेलं असं होऊ नये, म्हणून ती आधीच ओ देऊन ठेवते.

आता सांगतो, हाक कोणाची होती. मला विचाराल तर प्रभूची. भर दुपारी अंधार पडला होता, आपला प्रभू वधस्तंभावर टांगलेला होता, हाक मारत होता आणि खाली उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानंही ओ दिली नाही. बाहेर उभं राहणं काय असतं हे त्याला ठाऊक आहे. ज्यांचा आवाज गेलाय त्यांच्या वतीनं तोच दारोदार फिरतो, त्यांच्याच आवाजात. आणि आपण त्याला 'ती' म्हणून कडी लावतो. खडूनं त्याचंच नाव लिहिलेल्या दाराला!

तुम्ही म्हणाल, महाराज, ते कंदिलाचे दिवस गेले. गेले ना?

आज दिवेलागणीला मी तुमच्या आळीतून इकडं आलो. ओळख नसलेला माणूस, खांद्यावर झोळी, हातात चिपळ्या नाहीत. एका दारावर सुरेख फरशी बसवलेली, तिच्यावर लिहिलंय, 'ख्रिस्त या घराचा मस्तक.' आत टीव्ही चालू होता. मी हाक मारली, "अहो, जरा पाणी मिळेल का?" आणि मंडळी, टीव्हीचा आवाज कमी झाला. मी पुन्हा हाक मारली. आवाज अजून कमी झाला. मग पारच बंद. दार उघडलं नाही.

घर कोणाचं ते सांगणार नाही. ते घर इथं बसलंय आणि त्याची मान खाली गेलीय. बाकीच्यांनी तिकडं बघू नका, तुमच्या दारात मी उभा राहिलो नाही म्हणून तुम्ही वाचलात.

तुम्ही रोज गुडघे टेकून देवाला हाक मारता. त्यानं कधी तिसऱ्या हाकेची वाट बघितली का? तुम्ही कोण, कुठले, मागच्या वेळी त्यानं बोलावलं तेव्हा तुम्ही वात खाली केली होती का, हे विचारलं का? मग तुमच्या भिंतीपलीकडं कोण पडलंय, ज्याचं दार कालपासून बंद आहे आणि तुम्हाला वाटलं, की गेला असेल कुठंतरी?

पेटी थांबवा, दादा. टाळही ठेवा खाली. आता कोणी आमेन म्हणू नका. जरा वेळ सगळे गप्प बसा आणि मांडवाच्या बाहेर कान द्या.

आली ऐकू?

मग बसलात काय? ओ द्या.